कोऱ्या फळीचा कप्पा

माझ्याकडच्या पहिल्या कन्सोलला, म्हणजे टीव्ही, रेडिओ आणि तबकड्यांचं यंत्र एकाच लाकडी पेटीत असलेल्या संचाला, उजव्या हाताला एक झाकण आहे. ते उचललं तर आत काहीच नाही. तळाला फक्त एक फळी, ना रंग ना पॉलिश. त्या फळीवर कुणीतरी शिसपेन्सिलीने एक आयत आखलाय. एका कोपऱ्यात रेघ चुकलेली, ती खोडून पुन्हा काढलेली. आयताच्या बाहेर चार बारीक फुल्या, स्क्रू कुठे येणार त्याच्या. एवढी तयारी झाली, पण करवत त्या रेघेला कधी लागलीच नाही.

हा कप्पा टेपरेकॉर्डरचा. १९६०च्या आसपासचं हे अमेरिकन धूड आहे. मधोमध तेवीस इंची कृष्णधवल टीव्ही, डावीकडे सरकत्या झाकणाखाली तबकड्या आपोआप एकामागून एक वाजवणारा रेकॉर्ड चेंजर आणि त्याला लागून रेडिओ, दोन्ही टोकांना जाड विणीच्या कापडाआड लाउडस्पीकर, आणि उजवीकडे ही रिकामी जागा. कारखान्यानेच ती रिकामी सोडली होती. टेपरेकॉर्डर आज नाही, पुढेमागे कधी घेतलात तर इथे बसवा, आणि कुठल्या मापाचा घ्याल ते तुमचं तुम्ही बघा, म्हणून फळी न कापता दिलेली. घेणाऱ्याने माप घेतलं, आखलं, आणि तिथेच ते राहिलं.

गेली चौदा वर्षं मी असले कन्सोल जमवते आहे. ‘जमवते’ हा शब्द जरा मोठाच झाला. आजवर पाच आले, दोन गेले, सध्या तीन आहेत. तिकिटं आणि नाणी जमवणाऱ्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. त्यांचा संग्रह वहीत मावतो आणि काखेत मारून नेता येतो. माझ्याकडची एक वस्तू जागची हलवायची तर चार माणसं आणि दोन पट्टे लागतात, वर दाराची एक झडप बिजागऱ्यांतून काढून ठेवावी लागते. एवढं करून ती वस्तू दुसऱ्या भिंतीला लागली की लक्षात येतं, पहिल्याच भिंतीला बरी दिसत होती.

टीव्ही, रेडिओ आणि तबकड्यांचं यंत्र एकाच लाकडी पेटीत कोंबण्याची कल्पना टीव्हीइतकीच जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आरसीए कंपनीने आपला टीआरके-१२ हा संच लोकांपुढे मांडला, त्यात टीव्हीसोबत रेडिओ होताच. त्याची बारा इंची पिक्चर ट्यूब इतकी लांब होती, की आडवी ठेवली असती तर कपाट भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत आलं असतं. म्हणून ती उभी बसवली, तोंड वर करून. वरचं झाकण उघडायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, आणि त्या आरशात चित्र बघायचं. जॉन वासोस या कलावंताने त्याचं कपाट काढलं होतं. झाकण मिटलं की टीव्हीचा मागमूस नाही, समोर फक्त एक देखणं कपाट. घरात यंत्र आणायचं, पण ते यंत्र दिसू द्यायचं नाही, हा लपंडाव तिथूनच सुरू झाला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं चालला.

मला मात्र त्या लपवण्यात फारसा रस नाही. माझा जीव अडकतो तो या पेट्यांमधल्या रिकाम्या जागांत. अजून आलेल्या नाहीत अशा गोष्टींसाठी राखून ठेवलेल्या खाचा, नुसती टोपी बसवलेली भोकं, कशालाच न जोडलेली सॉकेटं. एकदा त्या दिसायला लागल्या की प्रत्येक कन्सोलमध्ये दिसतात.

आता आवाजाचंच घ्या. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८मध्ये. त्याबरोबर कंपन्यांनी कपाटं लांबवली. डावा आणि उजवा लाउडस्पीकर जितके दूर, तितका आवाज पसरलेला वाटणार, म्हणून चार-पाच फूट रुंदीचे कन्सोल निघाले. पण तबकडी सोडली तर दोन बाजूंचा आवाज यायचा कुठून? रेडिओवर तोवर स्टिरिओ नव्हतं. म्हणून काही केंद्रांनी एक गमतीची युक्ती काढली. डाव्या बाजूचा आवाज एएमवर सोडायचा, उजवीचा एफएमवर. ऐकणाऱ्याने दोन्ही एकाच वेळी लावायचे. त्यासाठी त्या वर्षांतल्या कन्सोलमध्ये एएमचा वेगळा आणि एफएमचा वेगळा ट्यूनर, म्हणजे केंद्र पकडणारा भाग, सापडतो, दोन काटे, दोन गुंड्या. काही कार्यक्रमांना तर एक बाजू टीव्हीच्या आवाजात आणि दुसरी रेडिओवर असायची. आमच्या पेटीत दोन्ही एकत्र आहेत म्हणून हा प्रयोग निदान जमला तरी असता. वेगवेगळे संच असणाऱ्यांनी रेडिओ उचलून टीव्हीपाशी आणला असेल, मग कुणी तरी ‘जरा डावीकडे सरकव’ म्हणालं असेल.

ही सगळी कसरत १९६१मध्ये संपली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारच्या दळणवळण आयोगाने झेनिथ आणि जनरल इलेक्ट्रिकच्या पद्धतीला मान्यता दिली आणि १ जूनपासून एकाच एफएम लहरीवर दोन्ही बाजू जाऊ लागल्या. पद्धत मोठी हुशारीची आहे. दोन्ही बाजूंची बेरीज नेहमीसारखी पाठवायची, म्हणजे जुन्या एका स्पीकरच्या रेडिओवाल्याचं काही बिघडत नाही. दोन्हींची वजाबाकी वरच्या पट्टीत दडवून पाठवायची आणि सोबत १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर सोडायचा. तो सूर कानाला जाणवत नाही, पण स्टिरिओ रेडिओ त्याच्या आधाराने बेरीज-वजाबाकी सोडवतो आणि डावं-उजवं वेगळं करतो.

माझा कन्सोल याच्या थोडा आधीचा. त्याच्या पाठीमागे, धुळीत, एक छोटं सॉकेट आहे आणि त्यावर इंग्रजीत ‘मल्टिप्लेक्स’, म्हणजे एकाच लहरीवर एकाहून जास्त आवाज पाठवणं, असं छापलंय. आत त्याला एक तार जोडलेली आहे, बाहेर काहीच नाही. अजून न ठरलेल्या पद्धतीसाठी, पुढे कुणीतरी बनवील अशा एका डबीसाठी, ते आधीच करून ठेवलेलं. पद्धत कोणती येणार हे माहीत नसताना सॉकेट बसवणाऱ्या त्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. तो आशावादी होता की नुसता विक्रीखात्याच्या धाकाखाली होता, ही गोष्ट वेगळी.

आणि या सगळ्या थाटात खुद्द टीव्हीचा आवाज मात्र एकेरीच! समोरच्या पाट्यांवर सोनेरी अक्षरांत ‘स्टिरिओ’, दोन्ही टोकांना मोठमोठे स्पीकर, शिंगासारखे कर्णे, आणि टीव्ही लावला की दोन्हीकडून एकच एक आवाज. टीव्हीवर स्टिरिओ यायला जर्मनीत १९८१ उजाडलं आणि अमेरिकेत १९८४. तोवर यातले बहुतेक कन्सोल तळघरात जाऊन पडले होते. ज्या आवाजासाठी एवढी रुंद पेटी केली, तो आवाज चित्राबरोबर त्या पेटीत कधी आलाच नाही. मागच्या वर्षी मी एका डबीतून चित्र टीव्हीला आणि दुहेरी आवाज सरळ अँप्लिफायरला दिला. एक गाण्याची मैफल लावली. तबला उजव्या कापडातून आला, तंबोरा डावीकडून. सुमारे साठ वर्षांच्या त्या स्पीकरांनी आयुष्यात पहिल्यांदाच चित्राला धरून डावं-उजवं केलं असेल. मी एकटीच होते खोलीत, तरी उगीच मागे वळून पाहिलं.

दुसरी रिकामी जागा चॅनेलच्या गुंडीपाशी. माझ्या संचाच्या मोठ्या गुंडीवर २ ते १३ एवढेच आकडे आहेत. (१ का नाही, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. १९४८मध्ये तो पट्टा टीव्हीकडून काढून फिरत्या वायरलेस संचांना दिला. आकडे मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजले नाहीत.) त्या गुंडीखाली एक गोल टोपी बसवलेली आहे. ती नखाने उचकटली की मागे भोक. पुढे यूएचएफ, म्हणजे आणखी वरच्या लहरींवरची, चॅनेल येतील, तेव्हा त्याचा ट्यूनर इथे बसवून घ्या, यासाठी. अमेरिकेत यूएचएफ प्रत्येक नव्या संचात असलंच पाहिजे अशी सक्ती १९६४मध्ये लागू झाली. त्याआधीच्या संचांत नशीब ज्याचं त्याचं. जर्मनीतही हाच प्रकार. तिथलं दुसरं राष्ट्रीय चॅनेल १ एप्रिल १९६३ला यूएचएफवर सुरू झालं आणि त्याआधीची काही वर्षं दुकानांतले संच ‘यूएचएफसाठी तयार’ अशा बिरुदाने विकले जात होते. तयार म्हणजे काय, तर जागा आहे, यंत्र नाही. मला हे बिरुद फार आवडतं. मी स्वतः कित्येक गोष्टींसाठी वर्षानुवर्षं याच अर्थाने तयार आहे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे दुरुस्तीकडे. कारण जमवण्याचा खरा वेळ तिथेच जातो, आणि तिथेच मी पहिल्या दिवशी माती खाल्ली.

पहिला कन्सोल घरी आला त्या संध्याकाळी मला दम निघाला नाही. प्लग लावला, खटका फिरवला. रेडिओच्या काचेमागे पिवळा दिवा लागला आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. मग स्पीकरमधून घुंऽऽ असा जाडा आवाज. मग वास. मग आतून फटाका फुटावा तसा आवाज आणि पाठीमागच्या जाळीतून कागदाचे कपटे बाहेर. कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग, फुटला होता. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ॲल्युमिनियमवरचा बारीक थर विरून गेलेला असतो. एकदम पूर्ण दाब दिला की तो वीज अडवायच्या ऐवजी सरळ वाहून नेतो, तापतो आणि फुटतो. सोबत पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो, तो माझ्या नशिबाने वाचला. ट्रान्सफॉर्मर जळला असता तर तसला दुसरा मिळणं दुरापास्त.

तेव्हापासून नियम एकच. आधी पाठ उघडायची, चेसिस, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, बाहेर काढायचं, आणि वीज देण्याआधी कागदाचे, मेणाचे आणि इलेक्ट्रोलिटिक असे सगळे कंडेन्सर बदलायचे. मेणकागदाचे तर नाव काढू नका. दिसायला धडधाकट, मापलं की गळके. जुन्या डब्याच्या पोटातलं काढून त्यात नवा बारका कंडेन्सर भरणारे लोक आहेत, वरून बघणाऱ्याला काही बदललंय असं कळूही नये म्हणून. मी ते फक्त चेसिसच्या वरच्या अंगाला करते. खालच्या अंगाला कोण बघणार आहे? ते करणाऱ्यांना माझं हे बोलणं अजिबात पटत नाही आणि त्यांचं बरोबर असेलही.

टीव्हीचा भाग रेडिओइतका सोपा नाही. पिक्चर ट्यूबला पंधरा-अठरा हजार व्होल्ट लागतात. आणि ट्यूबची काच आत-बाहेर काळ्या ग्राफाइटच्या लेपामुळे स्वतःच एक भला मोठा कंडेन्सर असते, संच बंद करून प्लग काढून ठेवला तरी ती वीज धरून बसते. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला तार बांधून, तारेचं दुसरं टोक त्या बाहेरच्या लेपाला लावून, ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पातं सरकवायचं. ‘चट्’ असं होतं. मग पुन्हा एकदा सरकवायचं, कारण थोडी परत साठते. हे करताना एक हात खिशात ठेवावा असं जुने मेकॅनिक सांगतात, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून, जाणार नाही. मी डावा हात पाठीशी धरते, शाळेत बाकावर उभं केल्यासारखा. काही संचांत तर खर्च वाचवायला पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो, घरातल्या विजेची एक तार थेट चेसिसला. प्लग उलटा लागला तर उघडी पडलेली गुंडीची धातूची दांडीही झटका देते. अशा संचापुढे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घरातल्या विजेशी थेट जोड तोडणारा, लावल्याशिवाय मी बसत नाही.

शिवाय ट्यूबला होणारा मोतीबिंदू. हा शब्द मी लाडाने वापरत नाही, जगभरचे संग्राहक याला डोळ्याच्या त्याच आजाराच्या नावाने ओळखतात. १९६०च्या सुमारास ट्यूबच्या पुढे वेगळी संरक्षक काच लावण्याऐवजी ती थेट ट्यूबच्या तोंडावर चिकटवायला सुरुवात झाली. कल्पना छान, मधे धूळ जात नाही, प्रकाश कमी उलटतो. पण काही ट्यूबमधला तो चिकट थर काही दशकांनी कडेकडेने उसवू लागतो. आधी कोपऱ्यात चार पांढरट बुडबुडे, मग बुरशीच्या कडीसारखं वर्तुळ, मग ते आत सरकत येतं. ट्यूब आतून उत्तम, चित्र उत्तम, पण दिसतं ते धुक्यातून.

माझ्याच पेटीला तो झालेला. उपाय आहे, पण छातीचा ठोका चुकवणारा. काच हळूहळू कोमट करत न्यायची, थर मऊ झाला की दोन काचांच्या मधून बारीक तार ओढत ओढत पुढची काच सुटी करायची. ट्यूबच्या आत निर्वात. नुसत्या समोरच्या काचेवर हवेचा दाब दीड टनाहून जास्त. मागची मान अंगठ्याएवढी नाजूक, तिला धक्का लागला की खेळ खलास. मी दोन दिवस घेतले. तोंडावर पारदर्शक ढाल, हातात जाड मोजे, घरात इतर कुणी नाही. तार एका वेळी बोटभर सरकायची. काच अखेर सुटली तेव्हा खाली तो पिवळट चिकट थर, गोठलेल्या सायीसारखा. तो सोलून काढला, काच धुतली, परत बसवली. संध्याकाळी ट्यूब जोडून पाहिली तर चित्राच्या कडा इतक्या लख्ख होत्या की मला उगीच वाटलं, चष्मा माझाच बदललाय.

चेंजर त्या मानाने गुणी. सोळा, सव्वातेहतीसच्या जरा वरचा तेहतीस-एक-तृतीयांश, पंचेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर असे मिनिटाला फेऱ्यांचे चार वेग. मधल्या उंच दांड्यावर पाच-सहा तबकड्या चढवायच्या, एक संपली की दुसरी धप्पकन खाली. आतलं ग्रीस आळून मेणासारखं झालेलं असतं, ते खरवडून नवं भरलं आणि मोटार ते थाळी असं फिरवणारं रबरी चाक घासून खडबडीत केलं की बहुतेक आजार बरे होतात. एकच गोष्ट विसरायची नाही. चेंजर स्प्रिंगांवर तरंगत ठेवलेला असतो, कारण त्याच पेटीत मोठे स्पीकर धडधडत असतात. त्यांचा हादरा सुईला पोचला तर तोच पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि पेटी हत्तीसारखी चीत्कारायला लागते. वाहतुकीत मात्र हे तरंगणं घात करतं. त्यासाठी ने-आणीचे दोन स्क्रू दिलेले असतात, ते आवळायचे. माझा तिसरा कन्सोल पाठवणाऱ्याने ते आवळले नाहीत. पेटी शाबूत पोचली. झाकण उघडलं तर सुईचा दांडा तुटून आत खुळखुळत होता.

या नादातल्या लोकांना स्वप्नातला कन्सोल कुठला असं विचारलं तर निम्मे जण कुबा कोमेट म्हणतील. जर्मनीतल्या वोल्फेनबुट्टेल गावी १९५७ ते १९६२ या काळात तो बनत होता. दोन मीटरहून जास्त रुंद, १७० सेंटिमीटर उंच, वजन सुमारे १३० किलो. खाली तबकड्या आणि रेडिओ, वर टीव्ही आणि आठ स्पीकर बसवलेलं शिडाच्या आकाराचं कपाट, आणि ते शीड खालच्या पेटीवर फिरतं, बसाल तिकडे वळवा. मी त्याचे फोटो शेकडो वेळा पाहिलेत. खरं सांगायचं तर मला तो नकोय. त्यात रिकामी जागाच नाही. तो एकदम पूर्ण, भविष्यकाळ स्वतःच घेऊन आल्यासारखा, आणि म्हणूनच आता सगळ्यांत जास्त जुना दिसतो.

खरा भविष्यकाळ दुसऱ्याच दाराने आला. जर्मनीतच, कोमेटच्या एक वर्ष आधी, १९५६मध्ये, ब्राउन कंपनीने हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांच्याकडून एक रेडिओ-फोनोग्राफ करून घेतला. पांढरा पत्रा, बाजूला लाकडाच्या दोन पट्ट्या, आणि वर सरळ आरपार दिसणारं प्लास्टिकचं झाकण. लोकांनी त्याला ‘हिमगौरीची शवपेटी’ असं नाव ठेवलं. तिथे यंत्र लपवलेलं नव्हतं, उलट उघडं मांडलं होतं. पुढे अँप्लिफायर वेगळा, टर्नटेबल वेगळं, स्पीकर वेगळे असा सुट्या भागांचा जमाना आला, हवं ते घ्या, बिघडलं तेवढं बदला. एका पेटीत नांदणाऱ्यांची मोठी अडचण हीच होती. टीव्ही दहा-पंधरा वर्षांत म्हातारा व्हायचा, चेंजर त्याहून टिकायचा, रेडिओ तर आजही वाजतो, पण बाहेर जायचे ते सगळे एकदम. मेलेल्या कन्सोलवर नवा टीव्ही ठेवून बघणारी घरं कितीतरी होती. मला त्यात काही वाईट दिसत नाही. टेबल म्हणून तो चांगलाच होता.

लाकडाबद्दल फार बोलत नाही, कारण तिथे फसवणूक बरीच आहे. आधीच्या पेट्यांना अक्रोडाचं खरं व्हेनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असायचं, पातळ पण खरं. साठच्या दशकाच्या अखेरीला ‘भूमध्यसागरी’ म्हणून जी जड, गडद, नक्षीदार कपाटं आली, त्यांतली बरीचशी नक्षी साच्यातून काढलेल्या प्लास्टिकची. नखाने टिचकी मारली की लगेच कळतं. माझ्याकडे असा एक होता. गेला त्याचं दुःख नाही.

ज्याचं दुःख आहे ते वेगळंच. हल्ली हे कन्सोल मिळतात ते बहुधा पोट रिकामं केलेले. आतली यंत्रं काढून बाटल्या ठेवायचं कपाट केलेलं, किंवा टीव्हीच्या चौकटीत माशांची काचपेटी बसवलेली. पूर्वी मी अशा लोकांवर फार चिडायचे. नंतर आणखी एक जमात कळली. ती अँप्लिफायर काढून नेते. मॅग्नाव्हॉक्ससारख्या कंपन्यांच्या जुन्या कन्सोलमधले व्हॉल्व्हचे, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे, अँप्लिफायर फार सुरेल असतात. या कंपनीची मुळं १९१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या नापा गावी पीटर जेन्सेन आणि एडविन प्रिडहॅम यांनी केलेल्या लाउडस्पीकरात आहेत, आणि नावाचा लॅटिन अर्थच ‘मोठा आवाज’. तर हे लोक ते तेवढं चेसिस उपटतात, सुट्या स्पीकरांना जोडतात, आणि कपाट रस्त्यावर ठेवतात. पण तो अँप्लिफायर निदान वाजत राहतो. माशांच्या पेटीवाल्यांचं लाकूड निदान घरात राहतं. माझ्यासारख्यांकडे दोन्ही राहतं आणि वर्षातले दहा महिने पाठ उघडी टाकून खोलीच्या मधोमध पडलेलं असतं. तेव्हा मी चिडणं आता कमी केलंय. बाटल्यांचं कपाट मात्र अजूनही बघवत नाही. विशेषतः आतल्या भिंतीवर व्हॉल्व्ह कुठे कुठे बसतात त्याचा चिकटवलेला नकाशा तसाच ठेवून त्याच्यापुढे पेले मांडलेले असतात तेव्हा.

त्या नकाशांवर दुरुस्ती करणाऱ्यांच्या नोंदी असतात. माझ्या पेटीच्या पाठीला आतून पेन्सिलीने सात तारखा आहेत, प्रत्येकीपुढे बदललेल्या व्हॉल्व्हचा क्रमांक. हस्ताक्षरं दोन. सहा तारखा एकाच्या, शेवटची दुसऱ्याची. फळीवरचा आयत या दोघांपैकी कुणाच्याही हाताचा वाटत नाही. रेघ फार जपून काढलेली आहे, रोज माप घेणारा माणूस इतकं दाबून लिहीत नाही.

तो आयत कुठल्या टेपरेकॉर्डरचा, हे शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्या वर्षांतल्या जाहिराती आणि माहितीपत्रकं पालथी घातली, मापं ताडून पाहिली. काही लांबीला जुळतात तर रुंदीला नाहीत. एक जवळजवळ जुळला होता, पण त्याचे स्क्रू दुसरीकडे येतात.

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ला जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं आणि इतर देशांतही ते आगेमागे होत गेलं. तेव्हापासून या गुंडीवरच्या बाराही आकड्यांना बाहेरून काही मिळत नाही, मुंग्यांशिवाय. मी एका छोट्या डबीतून तिसऱ्या आकड्यावर चित्र सोडते. माझ्यापुरतं एकाच चॅनेलचं केंद्र, व्याप्ती तीन फूट तारेची. रेडिओला असं काही करावं लागत नाही, त्याचं एफएम अजूनही बाहेरून येतं.

भाऊ आणि भाचा आले होते तेव्हाची गोष्ट. भाचा अकरा वर्षांचा. त्याला मी झेनिथच्या १९५६च्या रिमोटची गोष्ट सांगत होते, ज्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांड्यावर आपटायची आणि माणसाला न ऐकू येणारा सूर निघायचा, तो ऐकून टीव्ही चॅनेल बदलायचा. कधीकधी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी बदलायचा. हे ऐकून त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या कन्सोलपुढे वाजवून पाहिली. काही झालं नाही. मग त्याने उजवीकडचं झाकण उघडलं आणि विचारलं, “आत्या, हे कुणी काढलंय?”

“त्यांनी. आधीच्या लोकांनी.”

“मग कापलं का नाही?”

त्याने दप्तरातली पट्टी आणली आणि आयत मोजायला बसला. मी तोवर खटका फिरवला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. त्यांच्यात आधी नारिंगी ठिपके दिसतात, मग आवाज येतो, आणि चित्र सगळ्यांत शेवटी, अर्ध्या मिनिटाने. त्याच्याही आधी, पडदा काळा असतानाच, एक शिट्टी सुरू होते. सेकंदाला तीस चित्रं, प्रत्येक चित्राच्या ५२५ रेघा, म्हणजे सेकंदाला १५,७५० वेळा आतला ट्रान्सफॉर्मर थरथरतो, त्याची ती बारीक, टोकदार शिट्टी. लहानपणी मला दुसऱ्या खोलीतून कळायचं, टीव्ही लागलाय, आवाज बंद असला तरी. वय वाढलं की कानाची वरची पट्टी आधी जाते. पहिला कन्सोल दुरुस्त केला तेव्हा मला ती थोडी ऐकू येत होती. नंतर कधी बंद झाली ते लक्षातच आलं नाही. मला वाटत राहिलं, मी संच चांगला दुरुस्त केला म्हणून शांत झालाय.

पट्टी फळीवर तशीच ठेवून भाच्याने मान वर केली.

“आत्या, चालू झाला गं.”

पडदा अजून काळाच होता. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत उभी राहिले.